छाती अडतीस, खांदा पंधरा

एकतीस वर्षं मी लाल पेनानं गणिताच्या वह्या तपासल्या. बत्तिसाव्या वर्षी शाळेनं माझ्या हातात हिरवं पेन दिलं आणि सांगितलं, की यापुढे चूक नावाची गोष्ट नसते, फक्त पुढची पायरी असते. मी विचारलं, पाच आणि सात तेरा लिहिलं तर पुढची पायरी कोणती? कुणी हसलं नाही. नव्याचे नऊ दिवस तेव्हा नुकतेच सुरू झाले होते.

नवा अभ्यासक्रम अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी होता आणि म्हणे देशोदेशी चालत होता. मुलाच्या नुसत्या डोक्याचा नाही, अख्ख्या मुलाचा विचार करायचा, हे त्याचं मुख्य सांगणं. आठ विषय होते, पण एकाही विषयानं एकटं हिंडायचं नाही. गणितानं चित्रकलेचा हात धरायचा, विज्ञानानं भाषेचा. प्रत्येक धड्याचं जगाशी नातं दाखवायचं. शिवाय प्रत्येक मुलानं वर्षभर आपल्या आवडीचा एक प्रोजेक्ट करायचा आणि दर आठवड्याला त्याची डायरी लिहायची. ती डायरी एका शिक्षकानं वाचून खाली हिरव्या शाईत शेरा लिहायचा. शेऱ्याचा नियम एकच: उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. वर्ष संपताना मुलानंही शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहून डायरी मिटायची.

हे सगळं राबवणारी कोऑर्डिनेटर माझीच जुनी विद्यार्थिनी. अपूर्णांक म्हटलं की रडायची. आता ती मला शिकवत होती, की बाई, "चूक" लिहू नका, "तुला हे कसं सुचलं?" असं लिहा. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी स्टाफरूममध्ये दोनदा तरी म्हटलं असेन. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. लाल पेनाच्या काळात मुलं वही परत मिळाली की आधी मार्क बघायची आणि मग दप्तरात कोंबायची. आता ती माझा प्रश्न वाचून विचारात पडायची. दुसऱ्या सहामाहीपर्यंत माझे शेरे इतरांना दाखवण्याइतके चांगले झाले होते, आणि त्याचा मला गर्व होता. तो मी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

माझ्या वाट्याला सात मुलं आली होती. त्यांतली एक फूटपट्टी. तेरा वर्षांची, उंच, सडपातळ. बाकावर अशी ताठ बसायची, की पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ते नाव निघालं आणि शाळाभर झालं. तिला त्याचा राग नव्हता. शाळेमागच्या गल्लीत तिच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील ती दोन वर्षांची असतानाच वारले होते, त्यामुळे घरात दोघीच. तिनं प्रोजेक्टचं नाव लिहिलं होतं, "आईसाठी कोट". जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवणाऱ्या बाईला स्वतःचा कोट नव्हता, तो मुलगी शिवणार होती. "जगाशी नातं" या चौकटीत तिनं एकच ओळ लिहिली: "थंडी सगळीकडे असते." मी हसले आणि सही केली.

आईनं तिला अट घातली होती. पहिले सहा आठवडे नुसतं मापायचं, कात्रीला हात लावायचा नाही. दर रविवारी आई मशीनसमोरून उठायची, हात पसरून उभी राहायची, आणि फूटपट्टी टेप घेऊन तिच्याभोवती फिरायची. पहिल्या रविवारची नोंद मला आजही तोंडपाठ आहे. "छाती अडतीस. खांदा पंधरा. बाही बावीस. आईला गुदगुल्या होतात, त्यामुळे दोनदा टेप सुटली. आई म्हणाली, गिऱ्हाईक असं हसलं तर त्याचा कोट वाकडा होतो."

दुसऱ्या रविवारी छाती साडेसदतीस. तिसऱ्या रविवारी सदतीस. खांदा पंधरा, बाही बावीस.

त्याच आठवड्यात मी वर्गात मोजमापातल्या चुका शिकवत होते. एकच वस्तू दहा वेळा मोजली, तर दहा उत्तरं थोडी थोडी वेगळी येतात. हात हलतो, डोळा फसतो. म्हणून पुष्कळदा मोजावं आणि सरासरी काढावी, म्हणजे खऱ्या मापाच्या जवळ जाता येतं. ही डायरी समोर आली आणि मला आयतं उदाहरण मिळालं. गणित कोटाचा हात धरत होतं! मी हिरव्या शाईत लिहिलं: "तुझी मापं दर वेळी वेगळी येताहेत. मोजणाऱ्याच्या हातून किती चूक होऊ शकते? आणखी तीन वेळा मोजून सरासरी काढलीस तर?"

तिनं मोजलं. साडेछत्तीस, छत्तीस, साडेपस्तीस. सहा मापांची सरासरी पावणेसदतीस. सुंदर आलेख काढला, त्या मापावर कोटाचा कागदी नमुना कापला आणि खाली लिहिलं, "आता माझा हात सुधारायला हवा." शेऱ्याशेजारी गुणांचे रकाने असत, त्यांतल्या अचूकतेच्या रकान्यात मी तिला आठपैकी पाच दिले.

एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला एक साधी गोष्ट दिसली नाही. हाताची चूक दोन्ही बाजूंना होते. कधी माप जास्त येतं, कधी कमी. ही मापं एकाच दिशेनं निघाली होती. आणि ज्या हातानं छाती मापली, त्याच हातानं खांदा मापला होता. तो सहाही वेळा पंधराच होता.

नंतरच्या महिन्याच्या अकरा तारखेला शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. चांगला शेरा कसा असावा, हे दाखवायला कोऑर्डिनेटरनं फूटपट्टीच्या डायरीचं पान पडद्यावर लावलं. मुलीचं नाव झाकलं होतं, माझं झाकलेलं नव्हतं. "बघा," ती म्हणाली, "बाईंनी उत्तर दिलं नाही. मुलीलाच स्वतःच्या पद्धतीवर विचार करायला लावला." माना डोलल्या. मीही जरा सावरून बसले.

मागच्या रांगेत पीटीचे सर असतात. अशा सभांना ते डुलकी काढायला येतात आणि ते कुणापासून लपवतही नाहीत. त्या दिवशी ते जागे होते. त्यांनी हात वर केला.

"खांदा तोच आहे," ते म्हणाले, "छाती तेवढी उतरतेय. सहा आठवड्यांत अडीच इंच. हिची आई आजारी आहे का?"

कोऑर्डिनेटर म्हणाली, "सर, आपण इथे शेऱ्याबद्दल बोलतोय," आणि पुढचं पान लावलं. पुढच्या पानावर काय होतं ते मला माहीत नाही.

मी तशीच उठून दुकानात गेले. दुकान म्हणजे एकच खोली: मशीन, कापायचं टेबल, उंच आरसा, खुंट्यांवर लोकांचे अर्धवट कपडे. फूटपट्टी अजून शाळेतच, बास्केटबॉलच्या सरावाला होती. तिची आई ओठांत टाचण्या धरून एका पँटला झिप बसवत होती. मला पाहून उठली. तिच्या अंगातल्या स्वेटरमध्ये आणखी एक जण मावलं असतं.

"बसा बाई. फूटपट्टीनं काही केलं का?" तिनंही मुलीला तेच नाव लावलं होतं.

"तिनं नाही, मीच केलंय," मी म्हटलं. मग सरळ विचारलं, "तुमची तब्येत कशी आहे?"

तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या. "म्हणजे कळलं तुम्हाला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"डॉक्टरांनी सांगितलं त्याला झाले चार महिने. आणि नसतं सांगितलं तरी शिवणारीला स्वतःचं माप कळत नाही होय? औषधं करून पाहिली. आता फार तर थंडी संपेपर्यंत, म्हणतात." एखादा कपडा कधी तयार होईल ते गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात ती बोलत होती.

"आणि तिला?"

"सांगणार होते हो. दर रविवारी आज सांगू, आज सांगू करत होते. तिसऱ्यांदा माप घेतलं तेव्हा तिनं स्वतःच विचारलं, आई, तू बारीक होतेयस का गं? अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. म्हटलं, जेवताना सांगते. पण त्या दिवशी नाही जमलं. दोन दिवसांनी ती शाळेतून धावत आली, डायरी नाचवत. म्हणे, आई, तू नाही, मीच चुकतेय! बाईंनी लिहिलंय!" ती हसली. "इतकी खूश झाली होती, बाई. चुकली म्हणून इतकं खूश झालेलं पोर मी पाहिलं नव्हतं. मग बसले मूग गिळून."

कापायच्या टेबलावर राखाडी लोकरीच्या कापडाचे तुकडे खडूच्या खुणांसकट पडले होते. पावणेसदतीसच्या मापाचे.

"आज सांगा," मी म्हटलं. "मी थांबते हवं तर. आपण दोघी सांगू."

"कोट होऊ दे."

"कोटाचं काय घेऊन बसलात! तिला कळायला हवं. तिची आई आहात तुम्ही. हे दिवस तिचेसुद्धा आहेत."

"म्हणूनच म्हणतेय." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कापडावरची घडी हातानं सारखी केली. "आत्ता ती मला टेप गुंडाळते ना, खसकन ओढून गुंडाळते. हसते, भांडते, हात वर कर म्हणून ओरडते. एकदा कळलं, की अशी नाही धरायची ती मला. काचेचं भांडं धरावं तशी धरेल. थोडे दिवस राहू द्या, बाई. तुमचं ऐकते ती. पुढच्या शेऱ्यातही असंच काहीतरी लिहा."

"आणि उद्या तिला सगळं कळेल तेव्हा?"

"उद्या तुम्ही असाल ना," ती म्हणाली.

मी नाकावर माशी बसू देत नाही असं सगळे म्हणतात. चुकीचा आकडा मी हेडमास्तरांचाही चालवून घेतलेला नाही. त्या दिवशी मात्र मी मान हलवली आणि घरी आले. तीन दिवस ती डायरी माझ्या टेबलावर होती. चौदा तारखेला मी पेन उचललं. नव्या नोंदीत छाती पस्तीस होती. मी लिहिलं: "जुनी टेप ताणली जाते. ताणलेली टेप माप कमी दाखवते. तुझी टेप तपासून पाहिलीस का?"

गणिताच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. टेप ताणली गेली, की इंच लांबतो आणि माप कमी भरतं. म्हणूनच ते खोटं इतकं छान वठलं. शेऱ्याखाली सवयीप्रमाणे तारीख घातली. पहिला शेरा माझी चूक होती. हा चूक नव्हता.

फूटपट्टीनं टेप विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नेली आणि स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. टेप बरोबर निघाली. तिचा विश्वास बसेना, म्हणून नवी टेप आणली. मग दर रविवारी आईच्या आधी ती दुकानातलं टेबल मापायला लागली. डायरीत ओळीनं नोंदी आहेत. "टेबल अठ्ठेचाळीस. आई साडेचौतीस." "टेबल अठ्ठेचाळीस. आई चौतीस." एका रविवारी लिहिलं होतं: "टेबल बरोबर येतं, आई येत नाही. टेबल हसत नाही म्हणून असेल. आजकाल आई उभी राहून दमते, म्हणून मी तिला बसवून मापते. बसल्यामुळेही फरक पडत असेल का?" मी त्याखाली काहीतरी विचारलं. तो शेरा इथे सांगायची माझी हिंमत नाही.

वर्गात ती आली, की मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. दोनदा मी तिला थांबवून घेतलं, आणि दोन्ही वेळा बाही कशी जोडतात ते विचारून सोडून दिलं. मोठ्या उत्साहानं सांगायची ती. बाही म्हणजे सगळ्यात अवघड, बाई, बाहीचा घेर खांद्याच्या घेराहून मोठा असतो आणि तरी तो आत बसवायचा असतो, चुणी पडू न देता. मी म्हणायचे, अरे वा.

थंडी संपायच्या आतच आईला दवाखान्यात हलवावं लागलं. मामा दुसऱ्या शहरातून आला आणि दवाखान्याच्या जिन्यात उभं करून त्यानंच भाचीला सांगितलं. त्यानंतर आई चार दिवस होती. कोटाची बटणं तेवढी राहिली होती. ती फूटपट्टीनं खाटेशेजारी बसून लावली आणि आईला कोट घातला. हे मला मामानं सांगितलं. पुढं काय झालं ते विचारल्यावर तो म्हणाला, "काय होणार, बाई. आईच दिसेना त्यात."

तीन आठवड्यांनी प्रदर्शन भरलं. तिनं भाग घेतला नसता तरी चाललं असतं, कोऑर्डिनेटरनं तसं तिला जवळ घेऊन सांगितलंही. पण ती आली. हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येक टेबलामागे एक मूल: कुणाचं सौर कंदिलाचं यंत्र, कुणाचा नाच, कुणाचं शहरातल्या पक्ष्यांचं पुस्तक. फूटपट्टीच्या टेबलाशेजारी दुकानातला लाकडी स्टँड, त्यावर राखाडी कोट. शिवण अशी, की पाहुणे बोट फिरवून पाहत होते. मी खांबाआड उभी होते.

एका पाहुण्या बाईनं कौतुकानं विचारलं, "किती सुरेख शिवलायस! कुणाच्या मापाचा आहे?"

"कुणाच्याच नाही," फूटपट्टी म्हणाली. "सरासरी आहे."

पाहुण्या बाईला ते फार आवडलं. ती पुढच्या टेबलाकडे गेली.

त्या दिवशी मुलांनी डायऱ्या जमा केल्या. मामा दुसऱ्याच दिवशी तिला आपल्या गावी नेणार होता, शाळेचा दाखलाही तयार होता. म्हणून मी तिची डायरी सगळ्यांच्या आधी वाचायला घेतली. शेवटचं पान असं होतं:

"मी आलेख पुन्हा बघितला. खांदा प्रत्येक वेळी पंधरा होता. टेप ताणलेली असती, तर खांदाही कमी दिसला असता. माझा हात चुकत असता, तर खांदाही चुकला असता. म्हणजे माझी मापं पहिल्यापासून बरोबर होती. तिसऱ्या रविवारी मला वाटलं होतं ते खरं होतं. मग मी ते सोडून दिलं. मी आईला एकूण सोळा रविवार मापलं आणि सोळा रविवार टेपकडेच बघत राहिले. मला आईकडे बघायचं होतं. माझा शेवटचा प्रश्न: बाई, तुम्हाला कधी कळलं?"

अचूकतेच्या रकान्यात मी पाच खोडून आठ केले. मग तेही खोडलं. किती विचित्र खोड आहे माणसाची, पोर काय विचारतंय आणि मी मार्क देत होते.

सकाळी ती दाखला घ्यायला आली, तेव्हा मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. नियम असा होता, की मुलाच्या शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर शिक्षकानं द्यायचं नाही. तो प्रश्न त्यानं आयुष्यभर जवळ ठेवायचा असतो म्हणे. मी तिच्यादेखत हिरवं पेन उघडलं आणि तिच्या प्रश्नाखाली अकरा तारीख लिहिली, महिन्यासकट. डायरी तिच्यापुढे केली.

"तुझ्या आईनं मला सांगू नका म्हटलं होतं," असं मी बोलणार होते. खरं होतं ते. पण त्या बाईला पुढं करून मागं लपायची मला लाज वाटली. म्हणून मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं, बाळ."

तिनं तारीख वाचली. मग रडेल, ओरडेल, काहीतरी करेल म्हणून मी वाट पाहत होते, करायला हवंही होतं. ती पानं मागे उलटत गेली. वर्गात शिकवलं होतं तसं, दोन नोंदी ताडून पाहताना बोट तारखेवर ठेवून. टेपच्या शेऱ्यापाशी ती थांबली.

"हा चौदा तारखेचा आहे," ती म्हणाली.

"हो."

तिनं तो शेरा पुन्हा एकदा सावकाश वाचला. बाहेर मामा फाटकाशी दोन बॅगा आणि कापडात गुंडाळलेला कोट घेऊन उभा होता. तिनं डायरी मिटली आणि माझ्या टेबलावर ठेवली, पेनाशेजारी.

"ही तुम्हीच ठेवा, बाई," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी ताठ चालत गेली.